तातडीची सवलत

ज्या दिवशी रंजना गेली, त्या दिवशी कारभारी आहेरांना पहिला निरोप कुणा माणसाने दिला नाही. गाडीने दिला.

ते अंबडला आपल्या कारखान्यात होते. द्राक्षांचा हंगाम तोंडावर आलेला, खोक्यांना मागणी वाढलेली आणि पुठ्ठा चिकटवायचं यंत्र नेमकं अडून बसलेलं. खळीने बरबटलेले हात पुसून त्यांनी फोन काढला. गाडी त्यांच्या नावावर होती, चालवायची मात्र रंजना. त्यांना स्वतःला गाडी येत नव्हती. पडद्यावर लिहिलं होतं : ‘आपले वाहन निर्धूर पट्ट्यात पुरेशा विजेअभावी थांबले आहे. वाहन त्वरित हलवावे. दंड आकारणी सुरू झाली आहे.’

“बसली परत,” कारभारी यंत्रावरच्या माणसाला म्हणाले. “सांगून दमलो, पट्ट्यात नेऊ नको म्हणून. ऐकायचं म्हणून नाही.”

त्यांनी तिला फोन लावला. तिने उचलला नाही. गाडीशी भांडत बसली असेल, असं त्यांना वाटलं. पट्ट्याच्या हद्दीवर बंद पडलेल्या गाडीत बसून स्टिअरिंगसमोर हातवारे करणारी माणसं नाशकात आता रोज दिसायची. लोकांनी त्यांना नाव पाडलं होतं, ‘हद्दीवरचे’. येणारे-जाणारे बघायचे, हसायचे आणि पुढे जायचे.

दुसरा फोन अनोळखी नंबरवरून आला. बाईचा आवाज, मागे उसाच्या चरकाची घुंगरं वाजत होती.

“भाऊ, मी नाक्यावरची रसवंतीवाली बोलते. इथं एक पांढरी गाडी उभी आहे. तिच्यातल्या ताईंच्या फोनवर तुमचा नंबर दिसला. त्या तुमच्या कोण?”

“मंडळी आमची. का? कुणाला धडकली का काय?”

“तुम्ही या आधी. आणि भाऊ, एकटे येऊ नका.”

तेवढ्यावर कारभारींना कळलं. कामगाराच्या मोटारसायकलवर मागे बसून ते निघाले, तेव्हा हात अजून चिकटच होते.

रसवंतीवालीने गाडीचं दार उघडून ठेवलं होतं आणि आपल्या दुकानाचं कापड उन्हाच्या बाजूने खिडकीवर टाकलं होतं. रंजना सीटबेल्ट लावून बसली होती. मान खाली.

“आधी वाटलं, हद्दीवरच्याच आहेत,” ती बाई रडत सांगत होती. “बटण दाबत होत्या, बोलत होत्या. माझी गिऱ्हाइकं हसत पण होती हो. मग मान खाली गेली, तरी वाटलं फोन बघत असतील.”

आणि गाडी बोलतच होती. गोड, शिकलेल्या बाईच्या आवाजात. ‘कृपया वाहन हलवावे. आपल्या सोसायटीची या महिन्याची तातडीची सवलत संपलेली आहे. कृपया वाहन हलवावे.’

कारभारींनी पडद्यावर मूठ मारली. काच तडकली. आवाज थांबला नाही.

हृदयविकाराचा झटका होता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ज्या दवाखान्याकडे ती निघाली होती, त्याची पाटी त्या गाडीतून दिसत होती. पूल ओलांडला की झालं.

*

निर्धूर पट्टा म्हणजे शहराचा मधला भाग. तिथे धूर सोडायला बंदी. बंदी आणली ते चांगलंच केलं, कारभारींचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. मुलांना दमा होत होता, दुपारी गोदेच्या पलीकडचं दिसत नव्हतं. पण जुनी बंदी पोलीस राबवायचे, आणि पोलिसाला निदान तोंड असतं. ही बंदी गाडीच राबवायची. हद्दीवर खांब लावले होते. खांबातून संदेश सुटायचा, तो गाडीतल्या संगणकाला मिळायचा आणि इंजिनाला कुलूप लागायचं. गाडी फक्त बॅटरीवर चालायची. बॅटरी नसेल तर थांबायची. चालवणारा कोण आहे, कुठे चाललाय, याच्याशी खांबाला घेणंदेणं नव्हतं.

आता गाड्या तीन जातींच्या होत्या आणि लोकांचा गोंधळ सगळा तिथेच होता. खुद्द कारभारींचाही होता. त्यांना समजावलं रंजनानेच. तिने गाडी शिकून घेतली ती मुलीच्या लग्नानंतर, पन्नाशीला टेकल्यावर, आणि शिकली ती अशी की गाडीविषयी मिळेल ते वाचायची.

सोसायटीच्या सभेत, आपल्या पार्किंगमध्ये चार्जिंगचा प्लग मागायला ती उभी राहिली, तेव्हाही तिने तेच सांगितलं होतं.

“आपल्या गच्चीवरच्या टाक्या बघा,” ती म्हणाली होती. “हायब्रीड म्हणजे बोअरचं पाणी आणि वर एक बादली. बोअर चालू असला की त्यातलंच थोडं बादलीत पडतं. गाडी ब्रेक मारते तेव्हा जी ताकद वाया जाते, तिचंही थोडं बादलीत येतं. त्यामुळे पेट्रोल कमी लागतं. पण बादलीला बाहेरचा नळ नाही. सगळं पाणी शेवटी बोअरचं, म्हणजे पेट्रोलचंच. आणि नुसत्या बादलीवर गाडी जाणार किती? चौकापर्यंत. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीला बोअर नाहीच. भलीमोठी टाकी आणि कार्पोरेशनचा नळ. आमची प्लग-इन हायब्रीड दोघींच्या मधली आहे. टाकी बऱ्यापैकी मोठी, नळही आहे, बोअरही आहे. रोज नळाने भरली तर शहरात पेट्रोलचा थेंब लागत नाही, आणि लांब गावाला जायचं तर पेट्रोल आहे. पण नळच जोडला नाही, तर ती मोठी टाकी नुसतं ओझं. गाडी रिकामी टाकी डोक्यावर घेऊन बोअरवर पळते.”

कळवणकडच्या गावाला त्यांचं जाणंयेणं असायचं. तिकडचं चार्जिंग स्टेशन बहुतेक बंदच असायचं, म्हणून त्यांनी पूर्ण इलेक्ट्रिक न घेता ही घेतली होती. शहाणपणाने घेतली होती. फक्त नळ जोडायचा बाकी होता.

सभेत पहिले बोलले ते अविनाश चांदवडकर. करसल्लागार. सोसायटीत त्यांच्या शब्दाला वजन. त्यांच्याकडे साधी हायब्रीड होती.

“वहिनी, तुमचीही हायब्रीडच ना? मग प्लग कशाला हवा? माझी बघा, आणल्यापासून एकदा भिंतीला लावलेली नाही. आपली आपण चार्ज होते.”

“भाऊ, तुमची तशी होते. तिला बाहेरून लावायची सोयच नाही. माझी लावावी लागते.”

“अहो, कंपन्या काहीही सांगतात! हायब्रीड म्हणजे हायब्रीड.”

लोक हसले. सेक्रेटरी हेमंत कुलथे म्हणाले, “आणि आग लागली तर? तळघरात स्फोट झाला तर वर आम्ही झोपलेले.”

“भाऊ, तुमच्या गीझरला जेवढी वीज लागते, त्याच्या आसपासच लागते हिला. स्वतंत्र मीटर घेते, स्वतंत्र तार टाकते, अग्निशमनवाल्यांचा दाखला आणून देते. अजून काय करू?”

“आणताय तर आणा. पण आज तुम्हाला दिला, उद्या सगळे मागतील.”

“मग देऊ ना सगळ्यांना!”

“पुढच्या सभेत बघू,” कुलथे म्हणाले. ती पुढची सभा कितीतरी वेळा झाली. दर वेळी चांदवडकरांनी तेच सांगितलं आणि दर वेळी लोक हसले. रंजना फाट्यावरच्या सार्वजनिक चार्जरवर जायची, तर तिथे रांगेतले इलेक्ट्रिकवाले ओरडायचे, “काकू, तुमच्याकडे पेट्रोल आहे ना? घ्या बाजूला.” हिची गाडी भरायला वेळही जास्त लागायचा. ती बाजूला घ्यायची.

*

दहावा झाला, तेरावा झाला. मुलगी शीतल जळगावला परत गेली. जाताना म्हणाली, “नाना, चला माझ्याकडे. इथे त्या गाडीकडे बघत बसू नका.” कारभारी नाही म्हणाले.

चांदवडकर भेटायला आले ते त्यानंतर. सोफ्याच्या कडेवर बसले. पाणीही प्यायले नाहीत.

“नाना, मनाला फार लागलंय हो. झोप येत नाही मला.”

कारभारींनी तो पेला उचलून बाजूला ठेवला.

“म्हणजे असं बघा, माझा काही दोष नाही त्यात, पण तुमच्या कानावर घातलेलं बरं. त्या महिन्याचा शेवटचा नंबर मी घेतला. वहिनींचा.”

“कसला नंबर?”

चांदवडकरांनी सांगितलं ते असं.

सुरुवातीला प्रत्येक गाडीत तातडीचं बटण होतं. आजारी माणूस असेल तर बटण दाबायचं, कारण सांगायचं, इंजिनाचं कुलूप उघडायचं. पहिल्याच महिन्यात अख्खं शहर आजारी पडलं. मेनरोडला खरेदीला जायचं, दाबा बटण. मंगल कार्यालयात पंगत वाढायची वेळ झाली, दाबा बटण. मग नियंत्रण केंद्राने नियम बदलला. गाडीमागे मोजायचं सोडून त्यांनी सोसायटीमागे महिन्याला ठरावीक सवलती दिल्या. शेजाऱ्यांचं शेजाऱ्यांवर लक्ष राहील, कुणी खोटं बटण दाबणार नाही, असा त्यामागे विचार होता. विचार करणारे आपल्या लोकांना ओळखत नव्हते.

सोसायटीने काय केलं? जसे क्लबहाऊसचे नंबर लावतात, गणपतीत आरतीचे लावतात, तसे सवलतीचे नंबर लावले. महिनाअखेर उरलेल्या सवलती बुडतात, मग वाया कशाला घालवायच्या? ज्यांच्या गाडीला इंजिन आहे, त्या प्रत्येक घराला एकेक. फोनवरच्या ग्रुपमध्ये उघड चालायचं सगळं. ‘आज माझा नंबर.’ ‘ओके, शुभेच्छा.’ कारभारी त्या ग्रुपवर नव्हते. रंजना होती.

“वहिनींनी आपला नंबर कधी वापरला नाही,” चांदवडकर म्हणाले. “म्हणायच्या, राहू द्या, कुणाला खरंच लागला तर असू द्या. त्या दिवशी महिन्याची शेवटची तारीख. भाचीच्या लग्नाचा शालू बदलून आणायचा होता. मी ग्रुपवर विचारलं, वहिनींचा नंबर बुडतोय, मी घेऊ का? कुलथे म्हणाले, घ्या.”

“ती काय म्हणाली?”

“त्यांनी बघितलंच नाही बहुतेक.”

“आणि बटण दाबून काय सांगितलंत? शालू बदलायचाय म्हणून?”

चांदवडकर सोफ्याची शिवण चाचपायला लागले.

“अहो, विचारतोय मी.”

“छातीत दुखतंय म्हणून. नाना, सगळे तेच सांगतात. ताप सांगितला तर ते किती आहे विचारतं, पडलो सांगितलं तर फोटो मागतं. छातीला काही विचारत नाही. लगेच उघडतं.”

कारभारी उठले. त्यांनी दार उघडलं आणि दाराशी उभे राहिले.

“निघा.”

“नाना, मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगायला आलो—”

“प्रामाणिकपणे? तिची छाती खरंच दुखत होती, भडव्या! तिने खरं सांगितलं आणि त्या यंत्राने तिला सांगितलं की संपली सवलत. तुझ्या शालूत संपली! निघ.”

जिन्यात दोन दारं उघडली आणि चांदवडकरांना उतरताना बघून परत बंद झाली.

*

निर्धूर पट्टा नियंत्रण केंद्रात खैरनार नावाच्या बाई होत्या, मुलीच्या वयाच्या. त्यांनी कारभारींना बसवलं, चहा मागवला आणि संगणक त्यांच्याकडे वळवला. त्यांनी लपवलं काहीच नाही.

“आहेरकाका, आमच्याकडून नियमात काही चुकलेलं दिसत नाही. तुमच्या सोसायटीच्या सगळ्या सवलती त्या महिन्यात वापरल्या गेल्या होत्या.”

“साड्या आणायला वापरल्या.”

“आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे प्रत्येकाच्या छातीत दुखत होतं.” बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. “खरं सांगू? तुमच्या सोसायटीत हृदयरोगाचं प्रमाण इतकं दिसलं, की संगणकानेच तिथे तपासणी शिबिर सुचवलं होतं.”

कारभारींना ते शिबिर आठवलं. क्लबहाऊसमध्ये झालं होतं. लोकांनी रांगा लावून ईसीजीच्या पट्ट्या काढून घेतल्या, उपमा खाल्ला. सगळ्यांची हृदयं ठणठणीत निघाली. रंजना तेव्हा गावाला होती.

“तुम्हाला हसू नाही येत?” त्यांनी विचारलं.

“नाही येत, काका.”

“मग माझं एकच म्हणणं आहे. हे कुलूपच काढा. बटण दाबलं की आधी इंजिन चालू होऊ द्या. माणूस दवाखान्यात पोचू द्या. मग करा चौकशी. खोटं निघालं तर गाडी जप्त करा, तुरुंगात टाका, मी नाही म्हणणार नाही. पण आधी चालू होऊ द्या. माणसाचं मरण महिन्याच्या कोट्यात बसवता कसं तुम्ही?”

खैरनारबाईंनी मान डोलावली. “मीही वर तेच लिहिलंय. वरून विचारतात, पुरावा काय? कागदोपत्री ही योजना उत्तम चाललीय. जेवढे लोक आजारी पडले, त्यांना सवलत मिळाली. एकदाच कमी पडली, म्हणजे अपवाद. वाटून घेतात, खोटं सांगतात, हे सिद्ध झालं तर अख्खा नियम परत विचारात घ्यावा लागेल. पण त्यासाठी ज्याने बटण दाबलं, त्या परवानाधारकाने स्वतः लिहून द्यायला हवं. तुमचं ऐकीव झालं.”

“फोनवरचा ग्रुप आहे की.”

“बाईंचा फोन आहे तुमच्याकडे?”

होता. पण ग्रुपमधलं सगळं कुणीतरी पुसून टाकलं होतं. रंजनाला वाहिलेली श्रद्धांजली तेवढी शिल्लक होती, हात जोडलेल्या चित्रांची लांबच लांब रांग.

“एक जण मिळाला तरी चालेल,” खैरनारबाई म्हणाल्या. “एकाने लिहून दिलं, तर मी पुढे ढकलते. त्याचा गाडी चालवायचा परवाना सहा महिने जाईल, एवढंच.”

“एवढंच?”

“एवढंच.”

कारभारी बाहेर पडताना त्यांना वाटलं, एवढं तर मिळेल. माणूस मेलंय. एवढं तर कुणीतरी देईल.

*

सोसायटीची सभा कुलथेंनीच बोलावली. क्लबहाऊस भरलेलं. पुढे टेबलावर रंजनाचा फोटो, त्याला हार. कारभारींना पहिल्या रांगेत बसवलं.

कुलथे उठले. “आहेर वहिनी आपल्यातून गेल्या. त्यांची एक इच्छा होती, ती आपण पूर्ण करतोय. तळघरात चार्जिंग केंद्र बसवायचा ठराव मी मांडतो. केंद्राला नाव द्यायचं, कैलासवासी रंजनाताई आहेर स्मृती चार्जिंग केंद्र. उद्घाटन नानांच्या हस्ते.”

टाळ्या झाल्या. फोटोसमोर टाळ्या!

कारभारी उभे राहिले. “आग लागेल ना हो?”

“काय?”

“आग लागेल म्हणत होतात. स्फोट होईल. वर तुम्ही झोपलेले. आता नाही लागणार? ती मेली म्हणून तारा थंड झाल्या काय?”

“नाना, आज हा विषय—”

“आजच. चांदवडकर, हायब्रीड म्हणजे हायब्रीड ना? मग प्लग कशाला हवा? विचारा की. हसा की सगळे. तेव्हा हसत होता.”

कुणी हसलं नाही. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“प्लग बसवा. शंभर बसवा. तिचं नाव नको. मला तुमच्याकडून एकच हवंय. तुमच्यापैकी एकाने केंद्रात जाऊन लिहून द्या, की आम्ही सवलतीचे नंबर लावत होतो आणि छातीत दुखतंय म्हणून खोटं सांगत होतो. एकाने. दुसऱ्या कुणाची बायको तिथे बसून मरू नये म्हणून. परवाना सहा महिने जाईल. रिक्षाने फिरा सहा महिने.”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग बोलणं सुरू झालं, आणि सुरू झालं ते एकदम.

“नाना, माझं कामच फिरतीचं आहे हो.”

“आमच्याकडे गाडी मिस्टर चालवतात, मी कसं सांगू?”

“मी दोनदाच घेतला नंबर, तेही कुलथे म्हणाले म्हणून.”

“मी कुणावर सक्ती केली का? ग्रुपवर सर्वानुमते ठरलं होतं!”

“आणि एवढं होतं, तर वहिनींनी अॅम्ब्युलन्स का नाही बोलावली?” हे कोण म्हणालं ते कळलं नाही. मागून आलं.

कारभारी वळले. “पुढे ये. कोण बोललं ते पुढे ये.”

कुणी आलं नाही.

“अॅम्ब्युलन्स का नाही बोलावली, ते तिला विचारायचं राहिलं माझं. वाटलं असेल तिला, जवळ तर आहे, जाऊन येते. तुम्ही शालू आणायला जाता, ती डॉक्टरकडे जात होती. तिलाच नियम काय ते नीट माहीत होते इथे. तिला वाटलं असेल, आपला नंबर शिल्लक आहे.”

ते वाक्य म्हणताना त्यांचा आवाज फुटला, आणि त्याचाही त्यांना राग आला. ते चांदवडकरांकडे वळले.

“तुम्ही द्या लिहून. तुम्ही माझ्या घरी येऊन सांगितलंत. झोप येत नाही म्हणालात.”

चांदवडकर उभे राहिले. सदऱ्याची बाही सारखी करत म्हणाले, “नाना, माझी तयारी होती. देवाशपथ होती. पण आईचं डायलिसिस असतं. दवाखाना पट्ट्यात. परवाना गेला तर तिला नेणार कोण? मी माझ्यापुरता विचार करू शकत नाही.”

लोकांनी माना डोलावल्या. बरोबर आहे, म्हातारं माणूस आहे घरात. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

तेवढ्यात भिंतीकडच्या चाकांच्या खुर्चीतून आवाज आला. चांदवडकरांच्या आई, दमयंतीबाई.

“मला रिक्षावाला नेतो, अविनाश.”

“आई, तू गप्प बस.”

“विजेची रिक्षा आहे त्याची. दारात येतो, हाताला धरून बसवतो. तू कधी गाडी काढलीस माझ्यासाठी? एकदा सांग. हे माझ्या दुखण्यावर तुझं निभवून घेणं बंद कर.” मग त्या कारभारींकडे बघून म्हणाल्या, “मी देते लिहून. मला सगळं माहीत आहे. घरातच बसलेली असते मी, ऐकत असते. शालू घेऊन आला तो दिवसही माहीत आहे. ने मला तिथे.”

कारभारी दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन गेले, त्याच रिक्षाने. दमयंतीबाईंनी सगळं सांगितलं, कुठे अडखळल्या नाहीत. खैरनारबाईंनी सगळं लिहून घेतलं आणि मग पेन खाली ठेवलं.

“आजी, तुमच्या नावावर परवाना आहे?”

“मी कधी सायकल चालवली नाही.”

“मग बटण तुम्ही दाबलेलं नाही.” खैरनारबाईंचा चेहरा उतरला होता. “मी जोडते हे. पण यावर नियम हलणार नाही. दाबणाऱ्यानेच सांगायला हवं.”

“माझा मुलगा आहे तो,” दमयंतीबाई म्हणाल्या. “त्याच्या विरुद्ध बोलले मी. त्याचं काहीच नाही का तुमच्या संगणकाला?”

*

चार्जिंग केंद्र झालं. सोसायटीच्या कामात इतकी चपळाई कारभारींनी कधी बघितली नव्हती. नको सांगूनही पाटी लावली होती, रंजनाच्या नावाची, सोनेरी अक्षरांत. कारभारींनी कारखान्यातून पेचकस आणला आणि दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत ती पाटी काढली. कुलथे बघत उभे होते.

पहिली गाडी लागली ती चांदवडकरांची. त्यांनी हायब्रीड विकून पूर्ण इलेक्ट्रिक घेतली. आता त्यांना सवलत लागत नाही, बटण लागत नाही, कुणासमोर छाती दाबून धरावी लागत नाही. हद्दीवरचा खांब त्यांच्या गाडीला काही म्हणत नाही. मग आणखी दोघांनी घेतल्या. ज्यांच्याकडे प्लग-इन आहेत, ते आता रोज न चुकता भरतात. ‘खरंच हो, पेट्रोल लागत नाही,’ असं एकमेकांना सांगतात, जणू हे आजच कुणी शोधून काढलंय. रंजना हेच त्यांना किती सभांमध्ये सांगत होती!

कारभारी त्यांना जिन्यात अडवतात. अजूनही. लिफ्टमध्ये अडवतात, भाजीच्या गाडीपाशी अडवतात. “आता लपवायचं कशाला तुला? सवलत घ्यायची नाही, मग दे की लिहून.” काही जण मान खाली घालतात. काही जण म्हणतात, नाना, किती दिवस धरून बसणार? एकाने तर डॉक्टरचं नाव सुचवलं, मन शांत करणाऱ्या. त्याला कारभारींनी विचारलं, “तुझ्या छातीत कितीदा दुखलं रे त्या वर्षात?” तो जिना चढून गेला.

शीतल फोनवर म्हणते, “नाना, त्यांना शिक्षा करून आई परत येणार आहे का?”

“शिक्षा कोण मागतंय?” कारभारी म्हणतात. “मी सही मागतोय.”

“आणि ती नाही मिळाली तर?”

“तर नाही मिळाली. पण मागणं थांबवणार नाही.”

मधे एकदा खैरनारबाईंचा फोन आला. दुसऱ्या हद्दीवर एक गाडी थांबली होती, पोटुशी बाई होती आत. लोकांनी ढकलत ढकलत नेली. वाचली. तिच्या सोसायटीच्या सवलतीही महिना संपण्याआधीच संपल्या होत्या, आणि तिथेही सगळ्यांच्या छातीत दुखत होतं. “तिथेही कुणी लिहून देत नाही, काका,” बाई म्हणाल्या. “तुम्ही आधी कुणाला तयार करा, मग त्यांनाही सांगता येईल.”

कारभारी त्याच संध्याकाळी चांदवडकरांच्या दारात गेले. बेल वाजवली. आतून पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. दमयंतीबाईंचा आवाज आला, “उघड, अविनाश.” दार उघडलं नाही. कारभारी बराच वेळ उभे राहिले, मग परत आले.

चांदवडकरांनी अजून लिहून दिलेलं नाही. सोसायटीतल्या बाकी कुणीही दिलेलं नाही. नियम आहे तसाच आहे, आणि महिन्याच्या सवलती संपल्या की हद्दीवर इंजिनाला आजही कुलूप लागतं.